गवई नसलेला बोलपट

आमच्या राधानगरीत गवा दिसणे ही मोठीशी बातमी नव्हे. दाजीपूरचे रान उशाला आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या ओढीने एखादा चुकार गवा उसाच्या फडापर्यंत येतो, लोक चार दिवस त्याच्या खुरांची मापे सांगत बसतात आणि विसरून जातात. गवई मात्र दुर्मीळ. म्हणून गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, आक्काचा नातू पुण्याहून येताना ‘एका मोठ्या गवयावरचा बोलपट’ घेऊन आला, तेव्हा घरात कौतुकाची एक लाटच उठली. फराळाची ताटे सोप्यात आणली गेली. लॅपटॉप नावाचे ते चपटे यंत्र देवळीत टेकवून उभे केले. आक्काने वय शहाऐंशीचे असूनही पुढली जागा पटकावली आणि चष्मा पदराने पुसून ती सरसावून बसली.

बोलपटाचे नाव ‘कोई सुनता है’. शबनम विरमाणी या बाईंनी तो २००८ साली पुरा केला. बंगळूरच्या ‘सृष्टी’ या कलाशिक्षण संस्थेत त्यांनी कबीराचा ध्यास घेऊन जे काम उभे केले, त्यातून चार चित्रपट निघाले. त्यांतला हा एक. विषय कुमार गंधर्वांचा. लांबी दीड तासाच्या थोडी वर.

अर्धा तास झाला असेल नसेल, आक्काने चकली खाली ठेवली आणि आमच्या खास कोल्हापुरी ठसक्यात विचारले, “अरं, समदी माणसं हायती, एकतारी हाय, माळवा हाय, पर ह्यात गवई कुठाय?”

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कुमार १९९२ साली गेले. चित्रपट त्यानंतर सोळा वर्षांनी झाला. त्यात कोणी नट कुमारांचे सोंग घेऊन तंबोरा छेडीत नाही. जन्म, शिक्षण, कीर्ती, मानसन्मान अशा पायऱ्यांनी कथा चढत नाही. कुमारांचा मुद्रित आवाज, त्यांना जाणणाऱ्यांच्या आठवणी, आणि माळव्यातल्या खेड्यांत अजून कबीर गाणारी साधी माणसे, यांच्यामधून वाट काढीत तो हिंडत राहतो. ज्याचे चरित्र सांगायचे तोच माणूस समोर नाही, आणि तरी दीड तास त्याच्याखेरीज दुसरे काही नाही, असा हा प्रकार.

मी काही गाण्यातला जाणकार नव्हे. शाळेत मुलांना इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. तेव्हा आक्काच्या प्रश्नाने माझ्यातला गवई नव्हे, मास्तर जागा झाला. गवयाचे चरित्र पडद्यावर सांगायचे म्हणजे नेमके काय सांगायचे? आणि हा प्रश्न आमच्या कोल्हापूर संस्थानाइतका दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखा आहे?

कारण पाहा. कोल्हापुरात एके काळी गाणे आणि छायाचित्रण ही दोन्ही नवलाची माणके एकाच पेठेत नांदत होती. १८८३ पासून तिथे देवल क्लब आहे. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि पुढल्याच वर्षी खाँसाहेब अल्लादियाखाँ दरबारी गवई म्हणून आले, ते महाराज १९२२ साली निवर्तेपर्यंत तिथेच राहिले. म्हणजे पाव शतकाहून अधिक. ज्या गायकीला आज सारे जग जयपूर-अत्रौली म्हणते, ती खऱ्या अर्थाने फुलली, फळली ती पंचगंगेच्या काठी. भूर्जीखाँ, मंजीखाँ हे त्यांचे पुत्र. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. यादी वाचली तरी मान लवते.

आणि त्याच गावात, त्याच महाराजांच्या आश्रयाने, बाबूराव पेंटर नावाचा एक मितभाषी कलावंत स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवीत होता. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ निघाला. खाँसाहेबांचा मुक्काम तेव्हा कोल्हापुरातच होता. दोघांमधले अंतर चालत जाण्याजोगे. पण तो कॅमेरा मुका होता! त्याला खाँसाहेबांचा फेटा टिपता आला असता, तान नव्हे. पुढे दहा वर्षांनी ‘प्रभात’ने कोल्हापुरातच चित्रपटाला वाचा दिली. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली बोलू आणि गाऊ लागला. तेव्हा खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला गेले होते. कॅमेरा होता तेव्हा आवाज टिपता येत नव्हता. आवाज टिपता येऊ लागला तेव्हा गवई नव्हता. दहा वर्षांची चुकामूक, आणि ती कायमची. खाँसाहेब १९४६ साली मुंबईस वारले. त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही.

या चुकामुकीचे एक साक्षीदार होते, गोविंदराव टेंबे. ते खाँसाहेबांच्या सहवासातले. आणि ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र म्हणून उभे राहिलेले नट आणि त्याचे संगीतकारही तेच. दोन्ही घरचा पाहुणा असा हा एकच गृहस्थ. खाँसाहेबांचे चरित्र पुढे त्यांनी लिहिले, पण ते लेखणीने. खुद्द खाँसाहेबांनी आपल्या आठवणी सांगितल्या त्या नातू अजीजुद्दीनखाँ यांना, आणि त्यांनी त्या कागदावर उतरून ठेवल्या. एवढ्या थोर आवाजाचे आपल्या हाती उरले ते अखेर शब्द.

नियतीची चेष्टा अशी, की शिष्येच्या बाबतीत तिने उलट हात सैल सोडला. १९७७ साली अमेरिकेने आकाशात ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सोडली आणि त्यांच्यावर पृथ्वीच्या आवाजांची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तीत केसरबाईंची भैरवी आहे. ती याने आता ग्रहमालेच्या पार गेली. शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या दिशेने चालला आहे, आणि गुरूचा आवाज कोल्हापुरात शोधून सापडत नाही.

मग आपल्या चित्रपटांनी गवई रंगवलेच नाहीत काय? रंगवले, भरपूर रंगवले. १९४३ सालच्या ‘तानसेन’मध्ये सैगल गातात आणि दिवे आपोआप पेटतात. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’त दरबारात सामना होतो आणि गाण्याने संगमरवर पाझरतो. त्या सामन्यामागचे खरे आवाज उस्ताद अमीरखाँ आणि द. वि. पलुसकर यांचे. हे पलुसकर म्हणजे आमच्या शेजारच्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. कोल्हापूरच्या टॉकीजमध्ये तो चित्रपट पाहून आलेली माणसे राधानगरीच्या बाजारात सामन्याचे वर्णन कुस्तीसारखे करीत. “पैल्यांदा तानसेनानं धरला, मग बैजूनं उचलून टाकला!” आमच्या बाजूला गाण्याची उपमा तालमीखेरीज पुरी होत नाही, त्याला इलाज नाही.

मला ते चित्रपट प्रिय आहेत. पण त्यांत गाणे म्हणजे चमत्कार. गवयाने तोंड उघडले की दगड पाझरतो, दिवा लागतो, पाऊस पडतो. गवई गात नसतो तेव्हा तो काय करीत असतो, हे त्यांत कोठेच नाही. आणि गवयाच्या आयुष्याची चार पंचमांश वर्षे तर न गाण्यातच जातात!

हे पहिल्यांदा पडद्यावर आणण्याचे धाडस मी पाहिले ते मणि कौल यांच्या ‘सिद्धेश्वरी’त. बनारसच्या ठुमरीगायिका सिद्धेश्वरी देवी यांच्यावर फिल्म्स डिव्हिजनसाठी १९८९ साली काढलेला हा चित्रपट. कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकलेले. मीता वसिष्ठ ही नटी त्यात सिद्धेश्वरी आहे आणि नाहीही. ती गंगेकडे पाहते, गल्ल्यांतून जाते, नावेत बसते. प्रसंगामागून प्रसंग येतात, पण ‘मग काय झाले?’ या आपल्या लाडक्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आई लहानपणीच गेलेली, मावशी राजेश्वरीच्या घरी वाढलेली, सारंगिये सियाजी महाराज यांच्याकडे शिकलेली ही मुलगी कशी मोठी झाली, ते ठुमरीच्या बोलासारखे पुन्हा पुन्हा वळवून दाखवले जाते. आणि शेवटी ती नटी एका टेलिव्हिजनच्या पडद्यावर खऱ्या सिद्धेश्वरी देवींना गाताना पाहू लागते. सोंग घेणारी बाई सोंग उतरवून श्रोती होते. चरित्रपटाने आपली मर्यादा इतक्या नम्रपणे कबूल केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

कुमारांच्या बाबतीत ‘कोई सुनता है’ याही पुढे जातो. तो सोंग मुळीच आणीत नाही. कुमारांवरचा दुसरा एक चित्रपट आहे, डॉ. जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’, तोही फिल्म्स डिव्हिजनचा. पटेल पेशाने डॉक्टर. कुमारांच्या आजाराकडे ते डॉक्टरच्याही नजरेने पाहू शकले असतील. पण तो पाहताना कुमारांची ओळख होते; ‘कोई सुनता है’ पाहताना कुमार काय ऐकत होते त्याची ओळख होते. दोन्ही हवीत. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारचा चित्रपट आपल्याकडे क्वचितच निघतो.

आता कुमारांची हकीकत थोडक्यात सांगतो. पुष्कळांना ठाऊक असेल, पण लेकरेबाळे वाचीत असतील म्हणून. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे खरे नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी जन्म. पोर इतके अचाट गाऊ लागले, की एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पदवीच नाव होऊन बसली. मुंबईला प्रो. बा. र. देवधरांच्या विद्यालयात शिक्षण. १९४७ साली शिष्या भानुमती यांच्याशी विवाह. आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. हवापालटासाठी जानेवारी १९४८ मध्ये त्यांना माळव्यातल्या देवासला नेले. एक फुप्फुस निकामी झालेले. डॉक्टरांनी बजावले, गायचे नाही. गुणगुणायचेही नाही.

चोविशीच्या आतला, सगळ्या हिंदुस्थानाने डोक्यावर घेतलेला गवई. आणि खाटेवर पडून पाच-सहा वर्षे गप्प.

देवास! हे नाव बोलपटात आले आणि मी खुर्चीत जरा पुढे सरकलो. आमच्या राधानगरीच्या माणसाला देवास परके नाही. आमच्या गावाचे नावच मुळी देवासच्या राणीचे. शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब महाराज, यांच्या नावावरून महाराजांनी हे गाव वसवले. त्याच लेकीचे लग्न १९०८ साली थोरल्या पातीच्या देवासचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी लावून दिले. पाठोपाठ इथे भोगावतीवर धरणाचे काम सुरू झाले. तळ्याला राणीसाहेबांचे नाव, लक्ष्मी तलाव. आईच्या नावाचे तळे आणि लेकीच्या नावाचे गाव, असे हे आमचे ठिकाण. धरण पुरे व्हायला मात्र देश स्वतंत्र व्हावा लागला. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी एका रेघेला लागले की पाण्याच्याच भाराने उघडतात; ते पाहायला आजही श्रावणात गर्दी होते.

लेकीचे गाव वसले, पण लेकीचा संसार काही वसला नाही. आक्कासाहेब देवास सोडून माहेरी परतल्या. पुढे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक तुकोजीरावांचा चिटणीस म्हणून देवासला राहिला आणि तिथल्या आठवणींवर त्याने १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढले. ती टेकडी म्हणजे देवासची चामुंडेची टेकडी. कुमार पुढे ज्या गावात खाटेवर पडून होते, त्या गावावर छाया धरणारी तीच. आक्कासाहेबांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. देवासचा राजा कोल्हापूरला आला, आणि वर्षाच्या आतच बेळगावकडचा गवई देवासला गेला. इतिहासाला अशा फुगड्या घालण्याची फार हौस.

गवयांची ये-जा तर आधीपासून होती. उस्ताद रजबअलीखाँ हे काही काळ शाहू महाराजांच्या पदरी होते आणि नंतर देवासला राहिले. १९५९ साली वारले तेव्हा कुमारही देवासकरच झाले होते.

आणि या माळव्याशी आमच्या घराण्याचे आणखी एक जुने नाते आहे, ते ऐकण्यासारखे. अल्लादियाखाँ कोल्हापूरला येण्यापूर्वी, ऐन तारुण्यात, माळव्यातल्या आमलेटा या लहानशा संस्थानात गात होते. तिथल्या अधिपतींना गाण्याचा इतका षोक, की खाँसाहेबांना विसावा मिळेना. गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला तो बसलाच. दोनेक वर्षे गळा साथ देईना. परत आला तो पहिला सुरेल गोड गळा नव्हता. तेव्हा खाँसाहेबांनी काय केले? जो आवाज उरला त्याला शोभेल अशी गायकी नव्याने घडवली. वळणावळणाची, गुंफणीची, अवघड. कोल्हापुरात जे गाणे आले ते असे एका गेलेल्या आवाजाच्या पोटी जन्मलेले.

म्हणजे पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने माळव्याच्या एकाच मातीत दोन गवयांचे गळे बंद झाले आणि दोघांनीही बंद गळ्याच्या त्या मुदतीत नवे गाणे घडवले. खाँसाहेब त्या दोन वर्षांत काय ऐकत होते, कोणास ठाऊक! कुमार काय ऐकत होते ते मात्र आपल्याला कळते. घरावरून बाजाराला जाणाऱ्या बायकांची गाणी. ऋतूंची, लग्नाची, पाळण्याची. एके दिवशी दारावरून गात गेलेला एक नाथपंथी जोगी, ज्याच्या आवाजातला एकान्त त्यांच्या कानांतून पुन्हा गेलाच नाही. भानुमतीबाईंनी नोकरी करून घर चालवले, पतीची शुश्रूषा केली, आणि दोघांनी मिळून माळव्याची शेकडो लोकगीते टिपली. स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध तेव्हा नुकतेच हाताशी आले होते. त्याने गुण आला. १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले. लोकधुनांतून उगवलेले मालवती, संजारी, लगनगंधार असे राग त्यांनी मांडले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ छापून आला. कोणी म्हणतात, छोट्या दमाच्या तुटक तेजस्वी ताना ही एका फुप्फुसाची करामत. मला हे हिशेब पटत नाहीत. फुप्फुस एक होते म्हणून तान तुटली असेल. पण त्या तुटीत अर्थ आला तो कानांमुळे.

१९६१ साली भानुमती बाळंतपणात गेल्या. पुढल्या वर्षी वसुंधराबाई त्यांच्या जीवनात आल्या आणि गाण्यातही बरोबरीने बसल्या. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारांनी देह ठेवला.

हे सारे मी त्या रात्री सोप्यात सांगत होतो. बोलपट संपला होता, नातवाने यंत्र मिटले होते. मास्तरकीची खोड, कोणी विचारले नव्हते तरी मी सांगत सुटलो. आणि क्षय, गायची बंदी, खाट हे शब्द आले तसा माझाच स्वर खाली आला. आक्काही गप्प झाली. कारण या घरात असाच एक माणूस होऊन गेला. आमचे आबा.

आबा धरणाच्या कामावर कारकून होते. गुरुवारी भजनात त्यांचा आवाज लागला की नदीपलीकडल्या वाडीत ऐकू जाई, असे लोक सांगत. मला अंधुक आठवते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांना खोकला लागला. मिरजेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला. तीच नवी सुई, तेच नवे औषध. सहा महिन्यांनी परत आले ते ‘गाणे बंद’ हा हुकूम घेऊन. पुढे वीस वर्षे जगले, पण पुन्हा गायले नाहीत. कुमारांसारखी गोष्ट इथे घडली नाही. सगळ्यांच्या बाबतीत कशी घडेल? गुरुवारी भजनी मंडळी आत बसत आणि आबा बाहेर कट्ट्यावर, खांबाला टेकून, अंधारात.

मला गळा होता. मी एकदा त्यांना म्हटले, “आबा, मला शिकवा.” ते नुसते “नको” म्हणाले आणि उठून गेले. मला वाटले, स्वतःचे गेले म्हणून माझेही नको आहे यांना. त्या वयात राग फार खोल उतरतो. मी पहाटे गोठ्यात, त्यांच्या कानाआड, वर्षभर गात राहिलो आणि मग चिडून सोडून दिले. पुढे मास्तर झालो. आबांशी गाण्यावर पुन्हा एक शब्द बोललो नाही. ते गेले तेव्हाही ते मनात होते.

एवढे बोलून मी थांबलो, तशी आक्का म्हणाली, “तू गोठ्यात गायचास तवा जातं थांबायचं, ते ध्यानात हाय का तुझ्या?”

होते. पहाटे आक्का दळायला बसे. जात्याची घरघर मला गोठ्यात ऐकू येई, आणि मध्येच ती बंद पडे. खुंटा सैल झाला असेल, असे मला वाटे.

“खुट्टा कशाचा सैल!” आक्का म्हणाली. “आबा अंथरुणातनं उठून यायचं आन् माझ्या हातावर हात ठेवायचं. थांब म्हणायचं न्हाईत, नुसता हात. तुझं गाणं हुईस्तवर मी बसून ऱ्हायाची. मग दळाप ऱ्हायाचं आन् आईच्या शिव्या मला.”

“मला कधी सांगितलं नाहीस?”

“आबांनी सांगू नको म्हटलं हुतं. शिकवायला बसलं तर आपल्याला गावं लागंल, आन् गायलं तर थांबवणार न्हाई, असं म्हणायचं. त्यास्नी मरायचं भ्या न्हवतं. तुम्ही ल्हान हुता त्येचं भ्या हुतं.”

मग ती नातवाकडे वळून म्हणाली, “तुझ्या शिनेमातला गवई कुठाय ते कळलं बग मला. त्यो ऐकत बसलाय.”

सोप्यात कोणी काही बोलले नाही. पणत्यांतले तेल संपत आले होते. सूनबाईने उठून घातले.

बऱ्याच वेळाने नातवाने विचारले, “आजोबा, पणजोबांचा आवाज कुठं मुद्रित केलेला आहे का?” नाही. कोण करणार? खाँसाहेबांचा जिथे राहिला नाही, तिथे धरणावरच्या कारकुनाचा कोण ठेवतो? एक फोटो आहे, तोही लग्नातला, तोंड मिटलेला. जाते तेवढे परड्यात आहे. वरच्या पाळीला चीर गेली आहे आणि त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते.

तो म्हणाला, मग आपण यावर एक बोलपट करू. मी म्हटले, कर बाबा, पण त्यात दाखवशील काय? एक मुलगी जात्यापाशी हात थांबवून बसली आहे, आणि एक पोरगा भिंतीआड गातो आहे. एवढेच. तो म्हणाला, एवढेच पुरे.

तो करील तेव्हा करील. पुण्याच्या मुलांना कामे फार असतात, आणि आक्का यंदा सत्त्याऐंशीची झाली. कोल्हापूरच्या त्या दहा वर्षांच्या चुकामुकीचा धसका माझ्या मनातून जात नाही. म्हणून कॅमेऱ्याची वाट न पाहता, टेंब्यांच्या वाटेने, मी हे लिहून ठेवले.